कट्ट्याचा ओटीपी गोराईत

भीमराज तायडे चित्रकार आहेत, ही गोष्ट जगात फार थोड्या लोकांना माहीत होती. त्यातले निम्मे लोक त्यांना कधी प्रत्यक्ष भेटलेले नव्हते, आणि जे रोज भेटत होते त्यांना ती मान्य नव्हती.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत तायडे स्टोअर्स सांभाळत. कोणता नट कोणत्या खोक्यात आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई, आणि साहेब मंडळी त्यांना बाकी काही विचारत नसत. घर बोरिवलीला, दोन खोल्यांचं. चित्रं आधी कपाटावर होती, मग कपाटामागे गेली, मग पलंगाच्या पेटीत. थंडीत पांघरूण ओढलं की सोबत एखादा सूर्यास्त बाहेर यायचा.

त्यांना चित्रकार मानणारी माणसं राहत होती इंटरनेटवर, ‘कुंचलाकट्टा’ नावाच्या ठिकाणी. मालाडच्या निमेशने तो पंधराएक वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर थाटला होता. बँकवाले, शाळामास्तर, दुकानदार, संध्याकाळी घरी येऊन रंग कालवणारी सगळी जमात तिथे जमायची. प्रत्येकाचं एक टोपणनाव. तायडे तिथे ‘जलरंग’ होते.

कट्ट्याचा नियम एकच, पण कडक होता. गुरुवारी चित्र टांगायचं आणि दिवसभर तोंड बंद ठेवायचं. बाकीच्यांनी त्यात काय चुकलंय ते सांगायचं. ज्याचं चित्र, त्याने शुक्रवारी बोलायचं. ‘छान’ या शब्दाला बंदी होती. ‘छान’ म्हणायला चित्र बघावं लागत नाही, असं निमेशचं म्हणणं होतं.

या नियमाचा सगळ्यात जास्त मार तायड्यांनी खाल्ला. ‘कडूनिंब’ नावाचा एक सभासद त्यांच्या पाचवीलाच पुजला होता. मिरच्या वाळत घालणाऱ्या बाईचं चित्र त्यांनी टांगलं, तेव्हा कडूनिंबाने विचारलं, ‘ही बाई उन्हात बसली आहे की फ्रिजमध्ये?’ तायड्यांना जेवण गेलं नाही. शुक्रवारी त्यांनी पानभर उत्तर लिहिलं, शनिवारी ते पुसलं, आणि रविवारी उठून उन्हात जाऊन बसले. मग ती बाई नव्याने काढली. आयुष्यात त्यांच्या हातून एवढं बरं चित्र दुसरं झालं नाही, आणि ते कडूनिंबामुळे झालं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. फक्त कबूल करायचं राहून गेलं होतं.

पुढे प्रत्येकाच्या फोनवर ग्रुप आले. ग्रुपवर गुलाब असतात, जोडलेले हात असतात, टाळ्या असतात. माणसं तिकडे गेली. जी कट्ट्यावर उरली त्यांनी गुलाब आणि हात इकडे आणले. ‘छान’, ‘वा’, ‘सुंदर सर’. कडूनिंबही कधीतरी गप्प झाला. तायडे मात्र दर गुरुवारी नेमाने चित्र टांगत आणि नियमाप्रमाणे दिवसभर गप्प बसत. कोणी काही विचारतच नव्हतं, तरी गप्प बसत. माणूस पक्का होता.

अशात त्या परदेशी कंपनीची सूचना आली. ज्या जागांचे मालक फार दिवस फिरकलेले नाहीत त्या सगळ्या जागा येत्या रविवारी संध्याकाळी कायमच्या पुसल्या जातील. मालकाने नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड भरला, तरच जागा राहील.

तायड्यांनी निमेशला फोन लावला. निमेश आता टोरंटोला होता.

“अरे दादा, तो नंबर मी केव्हाच सोडला यार,” निमेश म्हणाला. “मोबाइल कंपनीने दुसऱ्या कोणाला दिला पण असेल.”

“मग आता रे?”

“आता काय? जाऊ दे ना. लोकांना वेळ कुठे आहे? मस्त चालला तेवढा चालला. तुम्ही एक ग्रुप काढा, मला पण घ्या त्यात.”

ज्याने ‘छान’वर बंदी घातली तोच ‘मस्त चालला’ म्हणत होता. तायड्यांनी फोन ठेवला आणि ते इरेला पेटले. स्टोअर्समधला माणूस इरेला पेटलेला फारसा कोणी पाहिलेला नसतो. तो आरडाओरडा करत नाही, फक्त ऐकायचं बंद करतो.

त्यांनी निमेशचा जुना नंबर फिरवला.

“बोल,” पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला.

“नमस्कार. मी भीमराज तायडे, बोरिवलीहून बोलतोय.”

“बोरिवलीला माल पोचवत नाय. गोराईला बाजारात ये. कृष्णाबाई इचार, कोन पन सांगल.”

“मला मासे नकोत.”

“मंग फोन कशाला केलास?”

प्रश्न रास्त होता. तायड्यांनी उत्तर द्यायला घेतलं. कट्टा म्हणजे काय, निमेश कोण, गुरुवारचा नियम कसा. बाई ‘हां, हां’ करत होती आणि मधूनच कोणाला तरी कोलंबीचा भाव सांगत होती. शेवटी तायडे मुद्द्यावर आले. “तुमच्या फोनवर आत्ता एक सहा आकडी नंबर येईल. तो मला सांगायचा, बस.”

हे वाक्य आपण बोलतोय म्हणजे काय करतोय, याची तायड्यांना कल्पना नव्हती. नेमकं हेच वाक्य बोलून गेल्या काही वर्षांत लोकांनी लोकांची खाती धुऊन नेली आहेत. पलीकडे कोलंबीचा भाव मध्येच तुटला. मग आरोळी उठली.

“चंदू! ए चंदू! धाव! आला रे, तो आला फोनवर!”

चंदू हा कृष्णाबाईचा लेक. टेंपो चालवतो आणि सायबर गुन्हे या विषयावर त्याचा व्हिडिओंचा अभ्यास मोठा आहे. त्याने फोन घेऊन दरडावून नाव विचारलं, पत्ता विचारला. तायड्यांनी दोन्ही सांगितलं, पिनकोडसकट, वर पिठाच्या गिरणीची खूणही दिली. एवढा तपशीलवार पत्ता चोर देत नसतो हे चंदूच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण आलं नाही.

संध्याकाळी अंधेरीहून निघताना तायड्यांनी घरी फोन केला. सपनाताईंनी बऱ्याच वेळाने उचलला.

“अहो, तुम्हीच आहात ना?”

“मग कोण असणार?”

“नव्या फोनमध्ये तुमचा नंबर टाकायचा राहिलाय, आणि इथे ‘ओटीपी चोर गोराई’ असं नाव येतंय. उचलू की नको कळेना.”

अनोळखी फोन कोणाचा हे दाखवणारं एक अ‍ॅप हल्ली घराघरात असतं. चंदूने त्यात तायड्यांचा नंबर या नावाने चढवला होता, आणि कर्तव्य म्हणून गोराईतल्या अर्ध्या गावाला चढवायला लावला होता. आता तायडे ज्याला फोन करतील त्याच्या फोनवर हे बिरुद झळकू लागलं. प्लंबरने फोन कापला. गॅसवाल्याने उचलून शिव्या दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबांचा फोन बाहेरच्या पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्याला जोडलेला असताना, माल आल्याचं कळवायला तायड्यांनी रिंग दिली.

“तायडे,” साहेब नंतर म्हणाले, “गोराईला तुमचं नक्की काय चालतं?”

“काही नाही सर. चित्रकलेचं काम आहे.”

साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यापेक्षा चोर म्हटलेलं बरं.

आता सल्ल्यांचा सुकाळ झाला. तळमजल्यावरचे अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेचा फोन गेल्याला जमाना लोटला, तरी फोनची कोणतीही अडचण आपल्याच अखत्यारीत येते असं ते धरून चालत. “जनरल मॅनेजरला अर्ज टाका, तीन प्रतींत,” अण्णा म्हणाले. “विषयाच्या खाली रेघ मारायला विसरू नका. रेघ नसली तर वरपर्यंत जात नाही.”

कुठला जनरल मॅनेजर हे अण्णांना सांगता आलं नाही, म्हणून तायडे मोबाइल कंपनीच्या ग्राहक केंद्रात गेले. तिथे टोकन घ्यायला आधी ओटीपी लागला. तो त्यांच्या स्वतःच्या फोनवर आला, एवढीच त्या आठवड्यातली जमेची बाजू. काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने सांगितलं, “सर, नंबर कोणाकडे आहे ते आम्ही सांगू शकत नाही.”

“मला माहीत आहे. गोराईच्या कृष्णाबाईंकडे आहे.”

“तुम्हाला कसं माहीत सर?” मुलीचं हसू मावळलं. तिने कोपऱ्यातल्या सिक्युरिटीकडे पाहिलं. तायडे स्वतःच उठले.

मग अण्णांनी दुसरा सल्ला दिला. आपण चोर नाही, अशी पोलिसांत नोंद करून ठेवावी. तायडे तेही करायला गेले.

“चोरी कुठे झाली?” हवालदाराने विचारलं.

“झालेली नाही.”

“मग चोर कोण?”

“कोणीच नाही. मी तर नाहीच.”

“बरोबर आहे तुमचं,” हवालदार म्हणाला. “या आता.”

गुरुवार उजाडला. त्या दिवशी तायड्यांनी चित्र टांगलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कट्ट्यावर नुसता मजकूर लिहिला, तोही मन लावून. आपली मूळ चित्रं पेटीत दमट होऊन चालली आहेत, पण कट्ट्यावर ती कोरी करकरीत आहेत. त्याहून मोलाचं, त्यांच्याखाली आपल्याला बसलेले फटके आहेत. ते फटके पुसले गेले तर आपण शिकलो कसे हेच पुसलं जाईल. गोराईत कोणाची ओळख असेल तर कृपा करून सांगा.

उत्तरं आली. ‘छान.’ ‘सुंदर विचार सर.’ दोन गुलाब. एक अंगठा.

तायड्यांनी फोन बाजूला ठेवला. रडू येण्याचं त्यांचं वय नव्हतं, म्हणून त्यांनी चहा मागितला. चहा येईपर्यंत आणखी एक उत्तर आलं होतं.

‘मजकूर लांबलेला आहे. मधला भाग काढला तर चालेल. गोराईत बायका मला चांगल्या ओळखतात. रविवारी सकाळी बोरिवलीच्या जेट्टीवर भेटा. कडूनिंब.’

कडूनिंबाची मूर्ती तायड्यांच्या मनात पक्की होती. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी दाढी, खांद्याला झोळी. रविवारी जेट्टीवर असा कोणी दिसेना. छत्री घेतलेली, शिडशिडीत, चाळिशीतली एक बाई मात्र त्यांच्याकडे बघून कसनुसं हसत होती.

“जलरंग ना तुम्ही?” तिचा आवाज इतका बारीक की तायड्यांना पुढे वाकावं लागलं. “मी रुचिरा. मुलुंडला असते. कडूनिंब.”

“फ्रिज... तुम्ही?”

“हो. सॉरी हं,” ती ओशाळून म्हणाली. “बँकेत दिवसभर सगळ्यांशी गोड बोलावं लागतं ना.”

बोटीत तायड्यांनी धीर करून विचारलं, लिहायचं का सोडलंत. रुचिराबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, “सगळेच छान छान म्हणायला लागले. मला वाटलं, मीच तेवढी वाईट आहे.” हे ऐकून तायड्यांना इतकं वाईट वाटलं की मिरच्यांच्या बाईचं श्रेय त्यांनी तिथल्या तिथे रुचिराबाईंना देऊन टाकलं. ऐकून बाईंचे डोळे भरून आले. नाक पुसत त्या म्हणाल्या, “पण दुसऱ्या चित्रातही मान जरा आखूडच होती.”

गोराईत त्यांना कोण आणि कसं ओळखतं, हेही बोटीतच उलगडलं. त्यांच्या बँकेने तिथल्या कोळणींसाठी शिबिर घेतलं होतं आणि रुचिराबाईंनी ते चालवलं होतं. बायकांनी फार जीव लावला होता. तायड्यांना हायसं वाटलं. शिबिर कशाचं, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

बाजारात कृष्णाबाई माशांच्या पाटीमागे ऐसपैस बसल्या होत्या. रुचिराबाईंना पाहताच त्यांचा चेहरा फुलला. “अगो बाय! बँकवाली बाय! ये, ये, बस. चंदू, चाय सांग!”

चहा झाला. खुशाली झाली. मग रुचिराबाईंनी आपल्या बारीक आवाजात सुरुवात केली. “मावशी, एक काम होतं. तुमच्या फोनवर आत्ता एक कोड येईल...”

कृष्णाबाईंचा कप बशीत आपटला. त्यांनी रुचिराबाईंकडे बोट रोखलं. मग एकदम हसल्या. “परीक्षा घेतेस व्हय माजी? आमी काय इसरलो नाय! ए सोनूबाय, उठ गो! बँकवाली बाय परीक्षा घ्याला आलीय!”

आजूबाजूच्या पाट्यांमागून बायका उठल्या. हात पुढे करून सगळ्यांनी एका सुरात शपथ म्हटली. “ओटीपी कोनाला सांगनार नाय! मॅनेजर आला तरी नाय! पोलीस आला तरी नाय! सख्खा भाऊ आला तरी नाय!”

“शिबिर ओटीपीचं होतं,” रुचिराबाई तायड्यांच्या कानाशी पुटपुटल्या. “शपथ मीच लिहिलेली. अजून एक ओळ आहे.”

“आन खुद्द ही बाय आली तरी नाय!” बायका गरजल्या आणि स्वतःच टाळ्या वाजवत खाली बसल्या.

एवढ्यात चंदू पुढे आला. त्याने तायड्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पिठाच्या गिरणीवाला तूच काय रे?”

तायड्यांची सहनशक्ती इथे संपली. प्लंबर, गॅसवाला, साहेब, सिक्युरिटी, सगळे एकदम आठवले. “हो, मीच!” ते ओरडले. मासे घेणारे लोकही वळून बघू लागले. “मला तुमचं खातं नको, मासे नकोत, काही नको! हे बघा, ह्याच्यासाठी आलोय मी!” आणि फोन काढून त्यांनी कट्टा कृष्णाबाईंच्या नाकासमोर धरला.

कृष्णाबाईंनी हात पुसले आणि चित्रं सरकवायला सुरुवात केली. घोडे, देवळं, म्हातारे, केळी, पुन्हा घोडे. सरकवता सरकवता त्यांचा राग निवला.

“ही समदी तुमी लोकांनी काडली?”

“हो.”

“आन कोन पुसनार?”

“कंपनी. आज संध्याकाळी.”

“का म्हनून?”

“मालक नाही म्हणून. होता तो सोडून गेला.”

“मालक नाय म्हनून पुसून टाकतात?” कृष्णाबाईंना हे अजिबात पटलं नाही. त्या थोडा वेळ पाटीवरच्या माश्या वारत विचार करत राहिल्या. “हे बघ बाय. शपथ ती शपथ. कोड मी सांगनार नाय. पन शपथेत ‘सांगनार नाय’ हाय. मीच दाबला तर?”

रुचिराबाईंनी शपथेचे शब्द मनात तपासले. बँकेची इतक्या वर्षांची नोकरी, त्यामुळे घाई केली नाही. “दाबायला बंदी नाही,” त्यांनी निर्णय दिला.

काम झालं असं ज्याला वाटेल त्याने कृष्णाबाईंचा व्यवसाय लक्षात घेतलेला नाही. तायड्यांनी आपल्या फोनवर कट्ट्याचं पान उघडून कोड मागवला. पहिला कोड कृष्णाबाईंच्या फोनवर आला तेव्हा त्यांची बोटं ओली होती. तायड्यांच्या फोनचा पडदा ती ओळखेना. बोटं कोरडी झाली तर आकडे दिसेनात. चष्मा घरी होता. “मी वाचतो आई,” चंदू म्हणाला. “सख्खा भाऊ आला तरी नाय, लेक कुठून आला मधी?” कृष्णाबाई म्हणाल्या. चंदू चष्म्याला धावला, तोवर कोड शिळा झाला. दुसऱ्या कोडच्या वेळी एक गिऱ्हाईक सुरमईवरून अडून बसलं आणि कृष्णाबाईंनी धंदा आधी, कोड मागून असा क्रम लावला. तिसऱ्यांदा नेटवर्कच गेलं.

“जेट्टीच्या टोकाला येतं,” चंदू म्हणाला. आता तोही पेटला होता.

मग वरात निघाली. पुढे चंदू दोन्ही फोन वर धरून, मागे कृष्णाबाई, त्यांच्यामागे छत्री उघडलेल्या रुचिराबाई, शेवटी तायडे. जेट्टीच्या टोकाला रेंज आली, कोड आला. कृष्णाबाईंनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली, डोक्यावरून पदर घेतला आणि पदराआड एकेक आकडा दाबला. तायडे खाडीकडे तोंड करून उभे होते. दुसऱ्या कोणाच्या बोटांवर आपलं एवढं सगळं अवलंबून असावं, हे त्यांना कधी सोसलं नसतं. पण त्या घडीला त्यांनी त्या बोटांना मनातल्या मनात हात जोडले.

“काय तरी हिरवं आलं,” पदराआडून आवाज आला.

तायड्यांनी झडप घातली. पडद्यावर लिहिलं होतं, जागा कायम राहील. मालकाचं स्वागत आहे.

रुचिराबाई चक्क ओरडल्या. चंदूने तायड्यांना मिठी मारली. फक्त कृष्णाबाई शांत होत्या. “मालक कोन म्हनतंय त्यात?”

“तुम्ही,” तायडे हसत म्हणाले. “तुमचा नंबर ना! आता फक्त हे खालचं बटण दाबा. ‘मालकी सोपवा’. मग मी बघतो पुढचं.”

“तुला कशाला सोपवू?”

“अहो, म्हणजे... मी इतकी वर्षं तिथे आहे.”

“तू तितं व्हतास, तरी पुसायला निघालं?”

तायड्यांच्या मानी स्वभावाला हे जबर लागलं. त्यांच्याकडे चोख उत्तर होतं, पण ते द्यायच्या आधीच कृष्णाबाई फोन घेऊन जेट्टीच्या कठड्यावर बसल्या आणि मिरच्यांची बाई उघडून बघू लागल्या. “हिचं डोकं लय मोठं झालंय.”

“डोकं बरोबर आहे मावशी,” रुचिराबाई म्हणाल्या. “मान गेलीये.”

“मान हायच कुठं? मी म्हनते डोकं!”

“मला तर झकास वाटतं,” चंदू म्हणाला.

“काय झकास? बोट ठेवून दाखव!”

चंदूला दाखवता येईना. तो बघू लागला. नीट, फोन जवळ घेऊन बघू लागला. “ही मिरची,” तो म्हणाला. “ही एक. बाकीच्या नाय.” त्यावर रुचिराबाई भडकल्या, कारण त्यांच्या मते नेमकी तीच मिरची फसली होती. त्यांचा बारीक आवाज कुठल्या कुठे गेला. तिघांची अशी जुंपली की परतीची बोट आली आणि गेली, तरी कोणाचं लक्ष नव्हतं. कृष्णाबाईंना चित्रातलं काही कळत नव्हतं, हे पहिल्या दोन मिनिटांतच सिद्ध झालं होतं. पण त्या हटत नव्हत्या, आणि त्या हटत नाहीत म्हणून समोरच्याला आपलं म्हणणं शोधून काढावं लागत होतं.

तायडे बाजूला उभे राहून ऐकत होते. कितीतरी वर्षांनी त्यांच्या चित्रावरून कोणीतरी भांडत होतं. निमेशला चित्रातलं सगळं कळायचं, पण त्याने कट्टा सोडताना मागे वळून पाहिलं नव्हतं. ही बाई हातात आलेलं काही सोडेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. तायड्यांनी मालकीचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त अ‍ॅपमधलं नाव बदलायला सांगितलं. चंदूने ते बदलून ‘कट्टा भीमराज चांगला माणूस’ असं केलं.

कृष्णाबाईंनी कारभार हाती घेतला. टाइप करायची गरज नव्हती, चंदूने त्यांना फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं. सोमवारी कोणीतरी एका घोड्याखाली ‘छान’ लिहिलं. खाली लगेच उमटलं, ‘काय छान? बोल.’ त्याने गुलाब टाकला. ‘गुलाब नको. काय छान ते बोल, नायतर उद्यापासून येऊ नको.’ तो सभासद घाटकोपरचा निवृत्त मुख्याध्यापक होता. उभ्या आयुष्यात त्याच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. त्याने संतापून घोड्याच्या पायांवर दोन पानं लिहिली. ती इतकी चांगली होती की ज्याचा घोडा होता तो, तीन वर्षं गप्प असलेला, शुक्रवारची वाट न बघता उत्तराला उठला. ‘शुक्रवारी,’ कृष्णाबाईंनी बजावलं. नियम त्यांना रुचिराबाईंनी शिकवले होते.

ही बाई कोण, हिला अधिकार काय, असं विचारायला जुनी माणसं परत येऊ लागली, आणि आली ती थांबली. प्रत्येक चित्रावर कृष्णाबाईंचं एकच मत असे, निळा जास्त झालाय. चित्रात निळा नसला तरी असे. ते खोडून काढायला माणसं रंगांवर जीव तोडून लिहू लागली. कडूनिंब तर रोज लिहीत होता. टोरंटोहून निमेशने ‘मी या कट्ट्याचा संस्थापक’ अशी सुरुवात करून काही सूचना पाठवल्या. ‘तू सोडून गेलास ना?’ कृष्णाबाईंनी विचारलं. ‘आता गुरुवारी चित्र दाखव. मंग बोल.’ निमेशने बऱ्याच वर्षांनी रंग विकत आणले म्हणे.

अशाच एका गुरुवारी तायड्यांनी गोराईच्या बाजाराचं चित्र टांगलं आणि ते नियमाप्रमाणे गप्प बसले. पहिला फटका सकाळी सातलाच पडला. दुपारपर्यंत डावी बाजू रिकामी असल्याचं ठरलं, संध्याकाळपर्यंत उजवी बाजू भरल्याचं. मुख्याध्यापकांनी माणसांच्या पायांतल्या चुका काढल्या. कडूनिंबाने लिहिलं, ‘हा बाजार आहे की शोकसभा?’ चंदूचाही एक परिच्छेद होता. निळा जास्त झाला होताच.

शुक्रवारी सकाळी सपनाताई डबा भरत होत्या. पोह्यांची बशी हातात घेऊन नवरा एकटाच हसत बसलेला त्यांनी पाहिला.

“काय झालं? बक्षीस लागलं का?”

“चित्र फसलंय,” तायडे छाती पुढे काढून म्हणाले. “पार फसलंय. सगळ्यांचं एकमत आहे.”

सपनाताईंनी डबा खाली ठेवला. भिंतीला टेकवलेल्या चित्रासमोर त्या उभ्या राहिल्या. हात कमरेवर ठेवून त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

“ती कोपऱ्यातली पाटी हवेत तरंगतेय हो,” त्या म्हणाल्या.

तायड्यांनी बशी खाली ठेवली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

“बस ना,” ते म्हणाले. “आणखी काय काय चुकलंय?”